गावानं मिळून बालवाडी चालवायची असेल तर: पहिल्या यादीपासून पहिलीच्या दारापर्यंत

गावात बालवाडी काढू म्हटलं की पहिली मीटिंग हमखास भिंतीवर येऊन अडकते. छोटा भीम काढायचा का मोटू पतलू, युनिफॉर्म कुठल्या रंगाचा, बोर्डावर इंग्लिश मीडियम लिहायचं का सेमी. तासभर यातच जातो आणि ताई कोण, तिला दर महिन्याला पैसे कुठून द्यायचे, मुलं तीन-साडेतीन तास नेमकं करणार काय, हे विचारायच्या आत लोक डेअरीवर दूध घालायला निघून जातात. म्हणून इथे उलट्या बाजूने सांगतोय. रंग शेवटी, नाही दिला तरी चालतो.

आणि हे काही नवीन खूळ नाहीये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात, बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुलं काही येईनात. मग त्यांनी बालवाडीच पाड्यावर नेली, लोकांच्या अंगणात भरवली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा केली. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरी पद्धतीचं महागडं शिकवायचं साहित्य परवडणारं नव्हतं तर शंख-शिंपले, बिया, पानं, माती यावर भागवलं. आजही मुलं येत नसतील तर आधी जागा आणि वेळ बदलून बघायची, मुलांना दोष द्यायचा नाही.

पायरी १: अंगणवाडीशी भांडण नको

गावात अंगणवाडी आहे का, ती कुठल्या वस्तीला जवळ पडते, सेविकाताईंवर किती काम आहे हे आधी बघा. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि त्यात पूर्वशालेय शिक्षण पहिल्यापासून आहे, पण प्रत्यक्षात सेविकेच्या मागे लसीकरण, गरोदर बायकांच्या नोंदी, मुलांची वजनं, मोबाईलवरचं ॲप, मीटिंगा एवढं सगळं असतं की शिकवायला बिचारीला तासभर मिळाला तरी खूप. तेव्हा वेगळी बालवाडी काढण्यापेक्षा तिच्याच खोलीत गावाने एक जादा ताई देता येते का ते विचारा. त्यासाठी मुख्यसेविका आणि तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र द्यावं लागतं, तोंडी बोलून काम होत नाही.

वस्ती लांब असेल, मधे ओढा किंवा हायवे असेल, तर मात्र वेगळी जागा करा. पण मुलांची नावं अंगणवाडीतून काढायची नाहीत. पोषण आहार, लस, डॉक्टरांची तपासणी हे सगळं त्या नावावर येतं.

पायरी २: यादी, तीही घरोघर जाऊन

तीन ते सहा वर्षांची मुलं किती, हे सरपंचांना विचारून कळत नाही. दोन बायकांनी संध्याकाळी घरोघर फिरायचं. मुलाचं नाव, जन्मतारीख, घरात कुठली भाषा बोलतात, सकाळी मूल कोणाजवळ असतं आणि कुटुंब वर्षातले किती महिने गावात असतं, एवढं वहीत घ्यायचं. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. ऊसतोडीला जाणारी घरं दिवाळीच्या आसपास निघतात ती उन्हाळा लागल्यावर परत येतात. अशा घरातली काही मुलं आजीजवळ राहतात, काही कोप्यावर, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणच्या झोपड्यांत, जातात. मग तुमच्याकडे प्रवेश फक्त जूनमध्ये असा नियम ठेवला तर निम्मी पोरं कधीच पटावर येणार नाहीत. प्रवेश बारा महिने चालू ठेवा.

भाषेचं पण तसंच. तांड्यावर गोरमाटी, नंदुरबारकडे पावरी, सीमेवर कन्नड. तीन वर्षांच्या पोराला ताई काय म्हणते तेच कळलं नाही तर ते रडणार नाही, गप्प बसेल, आणि गप्प बसणारं पोर सगळ्यांना शहाणं वाटतं! त्याच्यावर कोणाचं लक्षच जात नाही.

पायरी ३: जागा

देवळाचा सभामंडप, समाजमंदिर, शाळेची रिकामी खोली, कोणाची मोठी पडवी, काहीही चालेल. बघायचं काय ते सांगतो. जवळ उघडी विहीर, बोअरचा खड्डा, डीपी, रस्ता नको. प्यायचं पाणी आणि लहान मुलांना बसता येईल असा संडास हाकेच्या अंतरावर हवा. सगळ्या मुलांनी हात पसरून गोल केला तर भिंतीला हात घासू नयेत एवढी मोकळी जमीन हवी. पावसात गळतं का ते पावसाळ्यातच बघून घ्या, मालक नेहमी नाहीच म्हणतो. आणि खर्च करायचाच असेल तर एकच करा, भिंतीला खालून तीन फुटांपर्यंत काळा पट्टा मारून घ्या. मुलं उभी राहून, बसून, लोळून त्यावर खडूने काहीही काढतात, सगळ्या कार्टून भिंतींपेक्षा हा पट्टा जास्त कामाला येतो.

देवळात भरवत असाल तर सप्ताह, लग्न, दशक्रियेचे दिवस आधीच कॅलेंडरवर मार्क करा आणि त्या दिवसांची दुसरी जागा ठरवून ठेवा. नाहीतर महिन्यातून सहा-सात सुट्ट्या अशाच पडतात आणि मुलांची सवय मोडते.

पायरी ४: ताई

इथे घाई करायची नाही. डीएड झालेली पण मुलांवर खेकसणारी बाई आणि दहावी झालेली पण पोरांच्यात रमणारी बाई यात मी डोळे झाकून दुसरी घेईन. इंटरव्ह्यू घेऊच नका. अर्ज करणाऱ्या प्रत्येकीला आठ-दहा मुलं द्या आणि अर्धा तास सांगा, काहीही करा. समितीने लांब बसून बघायचं. ती खाली बसते का उभी राहते, मुलाच्या उंचीला येऊन बोलते का, एखादं मूल उठून गेलं तर काय करते, सारखं "गप्प बसा" म्हणते का. अर्ध्या तासात सगळं कळतं.

ताई गावातलीच, मुलांची भाषा बोलणारी हवी. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने खाजगी प्ले स्कूलसाठी ज्या सूचना काढल्यात त्यात वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असं प्रमाण आहे, ते आपणही जमेल तितकं पाळायचं. मदतनीस म्हणून गावातली एखादी आजी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण गाणी-गोष्टींचा साठा तिच्याकडेच असतो. निवड झाली की ताईला पंधरा दिवस एखाद्या चांगल्या अंगणवाडीत नुसतं बसायला पाठवा, आणि त्या दिवसांचेही पैसे द्या. महाराष्ट्रात अंगणवाड्यांसाठी "आकार" नावाचा बालशिक्षणक्रम आहे, तो सेविकाताईंकडून बघायला घ्या, त्यात महिन्यावार विषय आणि खेळ दिलेत.

पायरी ५: समिती आणि पैसे

समिती सात जणांची पुरे. निम्म्याहून जास्त आया आणि आज्या, राजकारणातला माणूस फार तर एक. बँकेत स्वतंत्र खातं, दोन सह्या, आणि दर महिन्याचा हिशोब भिंतीवर खडूने लिहायचा. वर्षाच्या शेवटी छापील अहवाल वगैरे कोणी वाचत नाही, भिंतीवरचं मात्र सगळं गाव वाचतं.

आता समजा पंचवीस मुलं आहेत. ताईंना ६,००० मानधन, मदतनीसाला ३,०००, खाऊ मुलामागे रोज ५ रुपये धरले तर २४ दिवसांचे ३,०००, खडू-कागद-दुरुस्ती ५००. झाले १२,५००. म्हणजे मुलामागे ५००, एवढी फी गाव देणार नाही आणि मागूही नये. फी १५० ठेवली तर ३,७५० जमतात. गावातली जी पोरं पुण्या-मुंबईत, चाकण-भोसरीला नोकरीला आहेत त्यातल्या वीस जणांनी महिना ३०० दिले की ६,०००. राहिले २,७५०. ते ग्रामपंचायतीकडे मागायचे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला १० टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, आणि तो बऱ्याच ठिकाणी मार्चएंडला शिलाई मशीन नाहीतर कुठल्यातरी शिबिराच्या नावावर उडवला जातो. ग्रामसभेत विषय मांडा, ठरावात नोंद करून घ्या आणि गावाच्या विकास आराखड्यात बालवाडी आली का ते स्वतः वाचून बघा.

ज्याला पैसे जमत नाहीत त्याने ज्वारी-तांदूळ द्यावेत, महिन्यातून एक दिवस साफसफाई करावी, चालतं. फक्त पूर्ण फुकट कोणालाच ठेवू नका, फुकटच्या गोष्टीला लोक विचारत नाहीत. आणि पैसे कमी पडले तर खाऊ साधा करा, साहित्य थांबवा, पण ताईंचं मानधन महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच गेलं पाहिजे. बालवाड्या बंद पडतात त्या बहुतेक याच कारणाने, दोन महिने मानधन थकतं, ताई कापूस वेचायला जायला लागते, कुलूप लागतं, आणि मग गाव म्हणतं ताईला आवडच नव्हती.

पायरी ६: साहित्य

प्लॅस्टिकची घसरगुंडी शेवटच्या वर्षी घ्या. आधी गावात फिरून गोळा करा. करवंट्या, बाटल्यांची झाकणं, सुतळी, जुन्या साड्या, काड्यापेट्या, सुपं, चाळण्या, चिंध्यांच्या बाहुल्या, कुंभाराकडची माती, नदीची वाळू, जुने टायर. चिंचोके, सागरगोटे चालतील, पण चार वर्षांच्या खालच्या मुलांना बारीक बी अजिबात द्यायचं नाही, नाकात कानात घालतात आणि मग तालुक्याला पळावं लागतं. गुंजा दिसायला कितीही सुंदर असल्या तरी नकोच, विषारी असतात. एरंडाच्या बियाही नकोत, कण्हेर कुंपणाला असेल तर काढून टाका.

एक गोष्ट मात्र आवर्जून मिळवा, जुनी मापं. कोणाच्या तरी माळ्यावर शेर, अधोली, पायली पडलेली असतेच. पायलीभर गहू आणि ही मापं एका कोपऱ्यात ठेवून बाजूला व्हा. पाच वर्षांचं एक पोर शेराने पायली भरायला बसतं. एक, दोन, तीन, चार, भरली. परत ओततं. परत चार. मग अधोली घेतं, दोनच लागले. ते मापाकडे बघतं, परत करून बघतं, आणि शेजारच्याला ओढून आणतं. त्याला कोणी सांगितलेलं नसतं की दोन शेर म्हणजे अधोली आणि दोन अधोली म्हणजे पायली. तिसरीत गणित घाबरवतं ते अशी हाताळणी झालेली नसते म्हणून, असं माझं तरी मत आहे.

पायरी ७: दिवस कसा चालवायचा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथे जरा थांबतो. वेळ तीन ते साडेतीन तास पुरे, त्याहून जास्त नको. सकाळी साडेआठ सोयीचं पडतं, पण शेतीच्या हंगामात आया सातला निघतात तर तेव्हा साडेसातला भरवा.

पहिली चाळीस मिनिटं मोकळा खेळ. मुलं एकदम येत नाहीत, एकेक करून येतात, त्यामुळे आल्या आल्या हजेरी नि प्रार्थना सुरू केली तर उशिरा येणारं रोज दारात उभं राहून रडतं. कोपरे मांडून ठेवायचे, एकात भातुकली, एकात माती, एकात ठोकळे-करवंट्या, एकात चित्रांची पुस्तकं. मूल हवं तिथे जातं. ताईने या वेळेत फक्त फिरायचं, ऐकायचं, मधे मधे प्रश्न टाकायचा. "काय शिजवलंस? किती जण जेवायला येणारेत?" बास.

मग गोल. गाणी, बडबडगीतं, अडगुलं मडगुलं पासून ते गावातल्या जात्यावरच्या ओव्यांपर्यंत काहीही, हातवाऱ्यांसकट. आज काय वार, आभाळ कसंय, कोण आलं नाही आणि का नाही आलं. या गप्पांमध्ये ताईने मुलाचं वाक्य दुरुस्त करायचं नाही. ते घरच्या भाषेत बोललं तर ताईने तीच गोष्ट एकदा त्याच्या भाषेत आणि एकदा मराठीत म्हणायची, हळूहळू दोन्ही येतात.

नंतर अर्धा तास गटाचं काम. तीन-चार वर्षांची वेगळी, पाच-सहाची वेगळी. लहानांना फाडणं, चिकटवणं, मळणं, रंग. मोठ्यांना वर्गवारी, कमी-जास्त, जोड्या, नमुना पुढे नेणं, म्हणजे एक झाकण एक काडी एक झाकण, पुढे काय?

खाऊच्या वेळी ताट वाढायचं काम मुलांनाच द्या. आमच्याकडे साडेचार वर्षांची एक मुलगी प्लेटा मांडत होती, एकेका मुलासमोर एक, नाव घेऊन. शेवटी दोन मुलं उरली नि हातात प्लेट नाही. ताई बोलायला गेली तर आजीने हाताने थांबवलं. मुलगी एकदा मुलांकडे बघते, एकदा हातांकडे, मग आत जाऊन बरोबर दोनच प्लेटा घेऊन आली. तिला शंभरपर्यंत आकडे पाठ नव्हते, पण दोन म्हणजे काय ते कळलेलं होतं. खाऊ म्हणून मोड आलेली मटकी, उपमा, अंडं, शेंगदाण्याचा कूट-गूळ. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे लहानांना नकोत, घशात अडकतात.

खाऊ झाला की बाहेर. धावणं, टायर, झाडाखाली पानं गोळा करणं, पावसाळ्यात चिखल. आया चिखलाबद्दल ओरडतील, जुने कपडे घालून पाठवा म्हणायचं. आणि शेवटी गोष्ट. भोपळ्यातली म्हातारी सलग पाच दिवस सांगितली तरी मुलं कंटाळत नाहीत, मोठ्यांनाच कंटाळा येतो. तिसऱ्या दिवशी पुढे काय ते मुलं सांगतात, चौथ्या दिवशी नाटक करतात, पाचव्या दिवशी काळ्या पट्ट्यावर भोपळा काढतात. एका गोष्टीत आठवडा निघतो, आणि भाषा शिकायची म्हणजे हेच.

पायरी ८: "लिहायला कधी शिकवणार?"

हा प्रश्न येणारच, तोही दिवाळीच्या आत. तालुक्याच्या इंग्लिश मीडियमची पिवळी व्हॅन दारावरून जाते, त्यातलं शेजाऱ्याचं पोर ए फॉर ॲपल म्हणतं आणि आपलं पोर मातीचे लाडू वळून आलेलं. आईबापाचा जीव टांगणीला लागणारच, त्यांना हसू नका.

त्यांना भाषण देऊन उपयोग नाही. दर महिन्याला एक पालक दिवस ठेवा आणि त्यांना डाव्या हाताने पाटीवर दहा ओळी "श" काढायला लावा. हात दुखला, वळण बिघडलं, चिडचिड झाली, की सांगा तीन वर्षांच्या मुलाचं तसंच होतं कारण त्याच्या बोटांत अजून ताकदच आलेली नसते. माती मळणं, शेंगा सोलणं, वाती वळणं, मणी ओवणं, रांगोळीची चिमूट धरणं, याने ती येते आणि मग पेन्सिल आपोआप नीट धरली जाते.

पाच वर्षांच्या पुढे अक्षरं घ्यायची, नक्की घ्यायची. पण अ पासून ज्ञ पर्यंत ओळीने नको. आधी मुलाचं स्वतःचं नाव, त्याच्या पिशवीवर, खुंटीवर, हजेरीच्या पट्टीवर. मग क, म, ल, ब असे चार-पाच आवाज आणि काना घेतला की लगेच काका, मामा, मका, कमल, बाबा असे शब्द वाचता येतात. पंधरा दिवसांत मूल काहीतरी वाचतं आणि घरी जाऊन वाचून दाखवतं, मग पालकांची कटकट निम्मी होते. इंग्रजी गाणी दहा मिनिटं घेतली तर काही बिघडत नाही, घ्या. घरचा अभ्यास मात्र द्यायचा नाही. द्यायचाच तर आजीकडून एक गोष्ट ऐकून ये, एवढा.

नवीन शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळातूनच शिकवा म्हटलंय, हे पालकांना सांगितलं की जरा वजन पडतं. सरकारी कागदाचा असा उपयोग करायचा.

पायरी ९: नोंदी आणि तब्येत

परीक्षा नाही, नंबर नाही. प्रत्येक मुलाचं वहीत एक पान, दर पंधरा दिवसांनी दोन ओळी. "आज पहिल्यांदा गोलात बोलला." "कात्री जमली." याला जास्त वेळ लागत नाही आणि पालकांना दाखवायला हाताशी काहीतरी असतं.

या पानावरूनच अडचणीही दिसतात. तीन वर्षं होऊनही वाक्य बोलत नाही, मागून हाक मारली तर वळत नाही, चित्र डोळ्याजवळ धरतं, सारखं पडतं. घरचे म्हणतात "याचे काका पण उशिराच बोलले", तिथे थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, तारीख सेविकाताईंकडून घ्या आणि त्या दिवशी आपली सगळी मुलं तिथे न्या. मघाशी नावं काढू नका म्हटलं ते यासाठी.

पायरी १०: पहिला महिना आणि शेवटचा महिना

पहिला महिना रडण्याचा. आईला आत बसू द्या, पहिल्या आठवड्यात एकच तास ठेवा, घरचं एखादं फडकं, खेळणं हातात राहू द्या. आईने लपून पळून जायचं नाही, सांगून जायचं, रडलं तरी. लपून गेलेल्या आईचं मूल दुसऱ्या दिवशी दारातच घट्ट धरतं.

शेवटचा म्हणजे एप्रिल. पहिलीला जाणारी मुलं झेडपीच्या शाळेत दोन-तीनदा घेऊन जा, वर्ग दाखवा, संडास दाखवा, गुरुजींशी किंवा मॅडमशी बोलू द्या. प्रत्येक मुलाचं ते वहीतलं पान झेरॉक्स काढून त्यांच्या हातात द्या. सहा वर्षं पूर्ण नसलेल्या मुलाला घाईने पहिलीत ढकलायचा आग्रह घरचे धरतील, महाराष्ट्रात वयाची तारीख ३१ डिसेंबर धरतात, जन्मदाखला बघून त्यांना तिथेच सांगा. आणि ज्या घरांची पोरं ऊसतोडीवरून मे महिन्यात परत येतात त्यांच्या दारात दाखलपात्र मुलांची यादी घेऊन समितीतल्या कोणीतरी स्वतः जायचं, ती माणसं नोटीस वाचायला शाळेत येत नाहीत.